डेटाबेस सॉफ्टवेअरचा प्रोग्रॅम मॅनेजर: काम शिकायचं कसं, करायचं कसं

एसक्यूएलाइट या डेटाबेसमध्ये प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, म्हणून जाहीर केलेल्या कॉलममध्ये नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, घालता येतं. इंटिजर प्रायमरी कीसारखे थोडे अपवाद सोडले तर आजही येतं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या नियमाप्रमाणे हे चालायला नको. सुरुवातीच्या आवृत्त्यांत राहून गेलेला तो बग आहे. पण त्यावर विसंबलेली ॲप्स तोवर चालू झाली होती आणि दुरुस्त करावा तर ती मोडणार. म्हणून करणाऱ्यांनी तो तसाच ठेवला आणि कागदपत्रांत सरळ लिहून टाकलं, की बाबांनो, असं आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मी पहिल्यांदा हे सांगतो. वेबसाइटवरचं बटण चुकलं तर उद्या बदलता येतं. डेटाबेसमधला एखादा शब्द, एखादा डिफॉल्ट (काही न सांगितल्यास लागू होणारी किंमत), फाइलमधल्या एका बाइटचा अर्थ एकदा बाहेर गेला, की लोक त्यावर घर बांधून मोकळे होतात. त्यामुळे इथल्या प्रोग्रॅम मॅनेजरचा निम्मा वेळ काय बनवायचं यात जातो आणि उरलेला निम्मा, यातलं काय नंतर परत घेता येणार नाही, हे हुडकण्यात.

आधी पद नक्की कोणतं ते विचारा

प्रोग्रॅम मॅनेजर हे नाव दोन वेगळ्या कामांना लावतात. बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ चार-पाच टीमांची वेळापत्रकं जुळवणारा, अडलेलं सोडवणारा माणूस. दुसरा अर्थ मायक्रोसॉफ्टमध्ये १९८०च्या दशकात, मॅकिंटॉशवरच्या एक्सेलच्या कामात रुजला: फीचर कसं वागेल हे ठरवून त्याचा स्पेक, म्हणजे तपशीलवार आराखडा, लिहिणारा माणूस. मुलाखतीतच विचारा, ‘इथे स्पेक कोण लिहितं?’ उत्तरावरून कळेल. हा लेख दुसऱ्या अर्थाबद्दल आहे. वेळापत्रकाचं काम तुमच्या गळ्यात तसंही पडणारच आहे.

पायरी १: इंजिन स्वतःच्या हाताने मोडून बघा

पहिले सहा आठवडे सादरीकरणं बनवू नका. स्वतःच्या मशीनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाका आणि टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा. दोन-तीन रोंचं (ओळींचं) एक टेबल बनवा: खाते क्रमांक आणि शिल्लक. पहिल्या खिडकीत बिगिन म्हणून ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के होणारे बदल) सुरू करा, एका खात्याची शिल्लक अपडेट करा, पण कमिट, म्हणजे पक्कं, करू नका. दुसऱ्या खिडकीत तीच रो सिलेक्ट करा. जुनी शिल्लक लगेच दिसेल, क्षणभरही थांबावं लागणार नाही. आता दुसऱ्या खिडकीतूनही तीच रो अपडेट करायला जा. कर्सर खाली येऊन लुकलुकत बसतो. एरर नाही, काही नाही. तिसरी खिडकी उघडून चालू कनेक्शनांची यादी पाहा: दुसरी खिडकी लॉकची, म्हणजे त्या रोवरच्या ताब्याची, वाट पाहतेय आणि पहिलीपुढे लिहिलंय, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. पहिलीत कमिट मारा, दुसरी त्याच क्षणी सुटते.

‘ॲप अडकलंय, पण सर्व्हरवर लोड काहीच नाही’ ही तक्रार तुमच्याकडे वारंवार येणार आहे. बऱ्याचदा तिच्या मुळाशी हेच असतं. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून चहाला गेलंय.

मग हाच प्रयोग स्वतःच्या मशीनवरच्या, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये, मूळ सेटिंग न बदलता करा. तिथे दुसऱ्या खिडकीतलं साधं सिलेक्टसुद्धा थांबतं. एकच एसक्यूएल, दोन इंजिनं, दोन तऱ्हांचं वागणं. ‘आम्ही त्या डेटाबेसवरून तुमच्याकडे येतोय’ म्हणणारा ग्राहक कुठे ठेचकाळेल, ते एखाद्या तुलनेच्या तक्त्यापेक्षा या दहा मिनिटांत जास्त कळतं.

दुसरा प्रयोग: लाखो रोंचं इन्सर्ट चालू असताना पोस्टग्रेसच्या ते करणाऱ्या बॅकएंड प्रोसेसला किल मायनस नाइन मारा, म्हणजे ती तडकाफडकी संपवा. मारलं एकाच प्रोसेसला, तरी सगळीच कनेक्शनं तुटतात. सर्व्हरला सामायिक मेमरीचा भरवसा उरत नाही, म्हणून तो सगळं थांबवून रिकव्हरीत जातो. लॉग ओळ न ओळ वाचा. डेटा फाइलमध्ये बदल उतरण्याआधी तो राइट-अहेड लॉगमध्ये उतरलेला असतो, हे वाक्य सगळे पाठ म्हणतात. इथे ते घडताना दिसतं. कमिट झालेलं जागेवर असतं, न झालेलं दिसत नाही.

तिसरा: एक्स्प्लेन ॲनालाइझ, म्हणजे क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड. सुरुवातीला बाकीचं काही बघू नका, फक्त अंदाजे रो आणि प्रत्यक्ष रो हे दोन आकडे. देश आणि चलन असे एकमेकांत गुंतलेले दोन कॉलम घेऊन दोन्हींवर अट घाला. ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायचा मार्ग, म्हणजे प्लॅन, निवडणारा भाग) त्यांना स्वतंत्र समजून शक्यतांचा गुणाकार करतो आणि अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार खाली येतो. मंद क्वेरींच्या तक्रारींतला मोठा वाटा याच दोन आकड्यांमधल्या दरीत पडलेला असतो.

पायरी २: मागणी ऐका, पण तिच्या आदल्या रात्रीबद्दल विचारा

डेटाबेसचे वापरणारे दोन जातींचे. डेव्हलपरला काम पटकन हवं असतं. डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, रात्री झोप हवी असते. डेव्हलपर फीचर मागतो आणि ते बंद कसं करायचं, हे डीबीए विचारतो. दोघेही बरोबर असतात.

सपोर्ट टीमकडून शेवटची पन्नास तिकिटं मागून घ्या आणि मुळापासून वाचा, सारांश नको. मग चार-पाच डीबीएंशी बोला. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलंत तर यादी मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘शेवटचं रात्री केव्हा उठावं लागलं? उठल्यावर पहिली कमांड कोणती टाइप केलीत?’

एका ग्राहकाने आमच्याकडे हट्ट धरला होता: अमुक इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) सक्तीने वापरायची सोय द्या. खोदून विचारल्यावर कळलं, की त्यांच्याकडे रात्री मोठा डेटा भरला जायचा आणि पहाटेचे रिपोर्ट सुरू होईपर्यंत टेबलची आकडेवारी ताजी झालेली नसायची. ऑप्टिमायझर कालच्या टेबलासाठी आजचा प्लॅन काढत होता. त्यांना हवी होती ती भरणा संपल्याबरोबर चालणारी, आकडेवारी ताजी करणारी ॲनालाइझ कमांड. सक्तीची सोय दिली असती तर तीच पुढच्या वर्षी, डेटा बदलल्यावर, नवं तिकीट होऊन परत आली असती.

पायरी ३: स्पेक लिहा, आणि बिघाडापासून लिहा

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. उदाहरण घेऊ. मागणी अशी: शंभर कोटी रोंच्या टेबलात डिफॉल्ट असलेला नवा कॉलम घालायचाय, पण ते करताना टेबल तासन्‌तास अडकतं. पोस्टग्रेसची ११वी आवृत्ती २०१८ साली येईपर्यंत तिथे हेच होत होतं. सगळं टेबल नव्याने लिहिलं जाई आणि तोवर त्याला कुणाला हात लावता येत नसे. ११पासून डिफॉल्टची किंमत कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत) एकदाच नोंदवतात आणि जुन्या रो जशाच्या तशा ठेवतात. वाचताना रोमध्ये तो कॉलम नसेल, तर कॅटलॉगमधली किंमत दाखवतात. कल्पना दोन वाक्यांत संपली. स्पेक आत्ता सुरू होतो.

डिफॉल्ट रँडमसारखं फंक्शन असेल तर? प्रत्येक रोला वेगळी किंमत हवी, म्हणजे टेबल लिहावंच लागणार. आत्ताची वेळ देणारं नाऊ असेल तर? ती एका ट्रान्झॅक्शनपुरती एकच किंमत असते, म्हणजे पटकन होईल. मग एकच कमांड कधी क्षणात होते आणि कधी तासभर चालते, हे वापरणाऱ्याला आधी कसं कळणार?

पुढच्या महिन्यात कुणी डिफॉल्ट बदललं तर जुन्या रोंना कोणती किंमत दिसायची? पूर्वीचीच. म्हणजे आजचं डिफॉल्ट आणि गैरहजर कॉलमची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या साठवायला हव्यात. हे स्पेकमध्ये सुटलं तर ते कोडमध्येही सुटतं आणि एक दिवस जुना डेटा गुपचूप बदललेला दिसतो.

आता सगळ्यात फसवा प्रश्न, लॉकचा. काम दहा मिलिसेकंदांचं असलं तरी ऑल्टर टेबलला, म्हणजे टेबलची रचना बदलणाऱ्या कमांडला, टेबलवर पूर्ण ताबा लागतो. समजा, आधीपासून कुणाचा अर्ध्या तासाचा रिपोर्ट चालू आहे. ऑल्टर त्याच्यामागे रांगेत उभं राहतं. त्यानंतर आलेली प्रत्येक साधी सिलेक्ट ऑल्टरच्या मागे उभी राहते. पंधरा सेकंदांत ॲपची सगळी कनेक्शनं संपतात. तुम्ही जाहिरातीत ‘क्षणात’ लिहिलंत आणि ग्राहकाची साइट बंद पडली. म्हणून लॉकसाठी किती वेळ थांबायचं, थांबून थकल्यावर काय सांगायचं, हा परिच्छेद फीचरच्या वर्णनाइतकाच मोठा हवा.

मग उरलेले: रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर) काय होईल? जुना बॅकअप नव्या आवृत्तीत रिस्टोअर केला तर? टेबलचे पार्टिशन (तुकडे) असतील तर? डिस्क भरली तर? मध्येच कुणी कंट्रोल-सी दाबलं तर?

हा शेवटचा प्रश्न मी एकदा गाळला होता. इंडेक्स बनवण्याशी संबंधित स्पेक होता आणि टेस्टिंग करणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी काम अर्ध्यावर तोडून बघितलं. अर्धवट इंडेक्स मागे राहिला. कुठल्याच क्वेरीच्या उपयोगाचा नाही, यादीत ठळकपणे दिसत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार आहेच. पोस्टग्रेसमध्येही कॉन्करंट पद्धतीने, म्हणजे टेबलमधलं लिहिणं न थांबवता, बनणारा इंडेक्स मध्येच तुटला तर ‘इनव्हॅलिड’ म्हणून मागे राहतो, पण तिथे ते कागदपत्रांत नोंदलेलं आहे आणि काढून टाकायची रीतही दिलेली आहे. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. ‘हे ठरवून केलंय की राहून गेलंय?’ बाईंनी विचारलं. मला उत्तर द्यायला लाज वाटली. तेव्हापासून ‘मध्येच थांबवल्यास’ हा मथळा मी कोऱ्या स्पेकमध्ये आधीच टाकून ठेवतो.

एरर मेसेजचे शब्दही स्पेकमध्येच लिहा, डेव्हलपरवर सोडू नका. ‘ऑपरेशन अयशस्वी’ हा मेसेज म्हणजे दार लावून घेणं. पहाटे तीनला तो वाचणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात: माझा डेटा शाबूत आहे का, आणि आता काय करू? ‘डिस्कवर जागा संपली. टेबलमध्ये काहीही बदललेलं नाही. जागा मोकळी करून हीच कमांड पुन्हा चालवा.’ या तीन वाक्यांनी बरीच तिकिटं जन्मालाच येत नाहीत.

पायरी ४: परत न येणाऱ्या गोष्टींवर लाल खूण करा

स्पेक झाला की लाल पेन घ्या आणि तीन प्रकारच्या गोष्टी शोधा: शब्द, साठवण आणि डिफॉल्ट.

शब्द म्हणजे सिंटॅक्स. नवा राखीव शब्द आणला की त्या नावाचे कॉलम असलेल्या लोकांच्या क्वेरी मोडतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत विंडो फंक्शनं आली आणि त्यांच्याबरोबर रँक हा शब्द राखीव झाला. कितीतरी टेबलांत त्या नावाचा कॉलम असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

साठवण म्हणजे डिस्कवरचा फॉरमॅट. इथे एकच प्रश्न: नवी आवृत्ती एकदा चालवल्यावर जुनीकडे परत जाता येईल का? मायएसक्यूएल ८.०वरून ५.७वर जागच्या जागी उतरता येत नाही, आधीचा बॅकअप हाच मार्ग. असा निर्णय घ्यावा लागतो, त्यात गैर काही नाही, पण तो रिलीज नोटच्या तळाशी नव्हे तर पहिल्या ओळीत असला पाहिजे. दुसऱ्या टोकाला एसक्यूएलाइट: त्यांचा फाइल फॉरमॅट २००४पासून सुसंगत आहे आणि २०५०पर्यंत आधार देण्याचा त्यांचा जाहीर इरादा आहे.

डिफॉल्ट सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त छळतो. मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देत आलं, त्यात इमोजी मावत नाही. चार बाइटांचं ‘यूटीएफ८एमबी४’ २०१०मध्ये आलं, पण डिफॉल्ट व्हायला २०१८ची ८.० आवृत्ती उजाडली. त्याच ८.०मध्ये पासवर्ड तपासण्याची डिफॉल्ट पद्धत बदलली. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण जुन्या ड्रायव्हरना (ॲपला डेटाबेसशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरना) ती समजत नव्हती आणि लॉगिनच होईना. डिफॉल्ट बदलायचा असेल तर त्या डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची यादी आधी करा. कंटाळवाणं काम आहे, तुम्हीच करा.

परत फिरण्याची वाट मुद्दाम बांधताही येते. एसक्यूएल सर्व्हर २०१४मध्ये रोंच्या अंदाजाचं नवं गणित आलं. पण ते कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल १२०ला, म्हणजे कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगला, बांधलेलं होतं. सॉफ्टवेअर आज बदला, वागणूक पुढच्या महिन्यात बदला, आणि बिनसलं तर लेव्हल खाली आणा. ओरॅकलमध्येही ऑप्टिमायझरला जुन्या आवृत्तीसारखं वागायला सांगणारं सेटिंग आहे. मला विचाराल तर मोठ्या बदलाला अशी कळ नसेल, तर तो बदल अजून तयार नाही. अर्थात प्रत्येक कळ टेस्टिंगचं काम दुप्पट करते, म्हणून प्रत्येक छोट्या बदलाला ती लावत बसू नये.

पायरी ५: वेगाचे आकडे स्वतः तपासा

टीपीसी-सी ही डेटाबेसचा वेग मोजणारी, १९९२पासूनची जुनी चाचणी आहे. ती आणि तिच्यासारख्या चाचण्या दिशा दाखवतात, ग्राहकाचा अनुभव दाखवत नाहीत. सरासरीवर तर विश्वासच ठेवू नका. शंभर क्वेरींपैकी ९८ एका मिलिसेकंदात आणि दोन प्रत्येकी दोन सेकंदांत झाल्या, तर सरासरी येते सुमारे ४१ मिलिसेकंद. तो वेळ शंभरांतल्या एकाही क्वेरीला लागलेला नाही. ९९वा पर्सेंटाइल (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के क्वेरी होतात तो आकडा) मागा, कॅशे थंड असतानाचा, म्हणजे डेटा मेमरीत आधी आलेला नसतानाचा, आकडा मागा. आणि ऑप्टिमायझरच्या बदलात ‘हजार क्वेरी पाच टक्क्यांनी सुधारल्या’ ऐकलं, की विचारा, बिघडल्या किती आणि सर्वांत वाईट किती पट? एकच क्वेरी शंभरपट मंदावली तरी ग्राहकाला तीच आठवणार.

पायरी ६: रिलीज, म्हणजे मुख्यतः नाही म्हणणं

बगांची प्रतवारी आधी ठरवा, गर्दीच्या आठवड्यात नाही. क्रॅश वाईट, पण तो दिसतो. चुकीचं उत्तर दिसत नाही, म्हणून ते वरच्या प्रतीत. डेटा गुपचूप खराब होणं सगळ्यांच्या वर. जून २०२२मध्ये पोस्टग्रेसची १४.४ आवृत्ती नेहमीचं वेळापत्रक मोडून काढली गेली, कारण कॉन्करंट पद्धतीने बनवलेले इंडेक्स खराब होऊ शकत होते. असा बग आला तर कुणाला फोन करायचा, पॅच किती तासांत, ग्राहकांना पहिला मेल कोण लिहिणार, हे एका पानावर आधीच असू द्या.

टेस्टिंगसाठी फक्त स्वतःच्या कल्पनेवर विसंबू नका. नेटवर्क तोडून वितरित डेटाबेसची वचनं तपासणारं जेपसन आहे, आपोआप क्वेरी रचून चुकीची उत्तरं पकडणारं एसक्यूएललान्सर आहे. डिस्कवरही आंधळा भरवसा नको. लिनक्सवर एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवायला सांगणारी हाक) एकदा फसल्यावर पुन्हा केलं तर ‘झालं’ असं उत्तर येऊ शकतं, प्रत्यक्षात डेटा उतरलेला नसतानाही. हे पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात २०१८मध्ये आलं. आता असं झालं की सर्व्हर मुद्दाम पडतो आणि लॉगमधून सावरतो.

तारीख की फीचर? मी तारखेच्या बाजूचा. तारीख पक्की ठेवा, फीचर पुढच्या गाडीत बसवा. पोस्टग्रेसमध्ये मर्ज (रो असेल तर बदला, नसेल तर घाला) कमांड २०१८मध्ये मुख्य कोडमध्ये आली होती, शंका उरल्या म्हणून त्याच आवृत्तीतून काढून घेतली. ती परत आली २०२२मध्ये, १५व्या आवृत्तीत. चार वर्षं हा काळ लांब वाटतो. पण बाहेर पडल्यावर काढता आली असती का, याचा विचार करा. फीचर मागे घेतल्याचं डेव्हलपरला बंद दाराआड सांगा, सगळ्यांच्या मीटिंगमध्ये नको. त्याचं सहा महिन्यांचं काम आहे ते.

पायरी ७: रिलीजनंतरचे नव्वद दिवस

कोण वापरतंय हे मोजा, पण मोजताना लोकांच्या डेटाला नाक लावू नका. क्वेरीचा साचा पुरतो, तिच्यातल्या किमती काढूनच टाकायच्या. अपग्रेड सावकाश होणार, हे गृहीत धरा. बरेच ग्राहक पहिला छोटा पॅच येईपर्यंत थांबतात आणि शहाणपणाने थांबतात.

या काळात आलेली प्रत्येक तक्रार घेऊन मूळ स्पेक उघडा आणि समासात लिहा: हे लिहिलं होतं, हे लिहिलं होतं पण वेगळं झालं, हे सुचलंच नव्हतं. तिसऱ्या प्रकारच्या ओळी उचलून पुढच्या कोऱ्या स्पेकच्या साच्यात मथळे म्हणून टाका. माझ्या साच्यात सध्या एकतीस आहेत. ‘मध्येच थांबवल्यास’ चौथा.